वाचक विचारतात : ग्योझा, साके आणि एकट्याचं टेबल

जपानी खाण्यापिण्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख दोनच गोष्टींवर आहे, ग्योझा म्हणजे मोमोसारखी सारण भरलेली जपानी करंजी आणि साके म्हणजे तांदळाची जपानी दारू. कामानिमित्त पुण्या-मुंबईला जाणारे, मुलांकडं राहून आलेले आणि घरच्या तव्यावर प्रयोग करणारे असे सगळे वाचक त्यात आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ऑफिसच्या कामासाठी मला महिन्यातून दोनदा पुण्यात मुक्काम करावा लागतो. मी उतरते तिथं जवळच नव्या धाटणीचं एक जपानी रेस्टॉरंट आहे. काचेतून बघते आणि पुढं निघून जाते. एकटी बाई आत जाणार, त्यात साके मागवणार, या विचारानंच अवघडायला होतं. कुठं बसायचं, काय मागवायचं, किती मागवायचं, हे नीट सांगाल का?
— एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : ताई, जरूर जा. ग्योझा एकट्या माणसाला जितका मानवतो तितका चौघांच्या टेबलाला मानवत नाही. कारण तव्यावरच आहे. ग्योझाचा तळ तेलावर कुरकुरीत झालेला असतो आणि वरचा भाग वाफेवर शिजून मऊ. प्लेट समोर आल्यावरही आतली वाफ बाहेर पडतच असते. पाच-सात मिनिटांत ती तळाला मऊ पाडते. चौघं असले की आधी फोटो, मग सहा ग्योझे चौघांत कसे वाटायचे याचा घोळ, तोवर तळ गेलेला असतो. एकटीनं बसलात तर सहाच्या सहा कुरकुरीत असतानाच संपतात. जपानमध्ये एकट्यानं येणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘ओहितोरीसामा’ असा मानाचा शब्दच आहे, आणि रामेन (रश्श्यातल्या नूडल्स) व ग्योझाच्या दुकानांत एकेकट्यानं बसून खाण्यासाठी काउंटर असतो. तिथं तो अपवाद नाही, रोजचा रिवाज आहे.

दारात ‘किती जण?’ असं विचारतात तेव्हा ‘एक, काउंटरवर जागा द्या’ असं एका दमात सांगा. नुसतं ‘एक’ म्हटलं तर बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दाराजवळचं किंवा जिन्याखालचं टेबल पुढं येतं. काउंटर दोन प्रकारचे असतात. एक आचाऱ्यासमोरचा आणि दुसरा बारचा. आचाऱ्यासमोरचा मागा. तिथं तवा दिसतो, ताट तयार होताच हातात येतं आणि समोर काहीतरी चाललेलं असल्यामुळं नजर कुठं ठेवायची हा प्रश्न उरत नाही. बारच्या काउंटरवर शुक्रवारी-शनिवारी लोक पाठीशी उभे राहून पितात. ते नको असेल तर भिंतीकडचं दोघांचं टेबल मागून घ्या, आणि भिंतीकडं पाठ करून बसा. सात ते साडेसातच्या दरम्यान गेलात तर जागा मिळते आणि आचारीही घाईत नसतो. आधी फोन करून ‘एकासाठी, काउंटरवर’ असं सांगून ठेवलं तर आणखी बरं.

आता मागवण्याबद्दल. सगळं एकदम सांगू नका. इथंच बहुतेकांचं चुकतं. आपल्याकडची रेस्टॉरंटं तयार होईल तसं आणून ठेवतात. मग साके यायच्या आत ग्योझे गार होतात किंवा ग्योझे आणि नूडल्स एकाच वेळी समोर येतात. आधी साके आणि एदामामे सांगा. ‘बाकीचं नंतर सांगते’ हेही सांगा. एदामामे म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या, कोवळ्या शेंगा, उकडून वर मीठ टाकलेल्या. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकतं, पण ते वाळवून तेल काढायला जातं. कोवळं खायची सवय नाही. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खातो तशी शेंग ओठांशी धरायची, दातांनी दाणे आत ओढायचे आणि साल बाजूच्या वाटीत टाकायची. साल खायची नसते.

साके टेबलावर आली की ग्योझे सांगा. ताजे करून द्यायला दहा मिनिटं लागतात. चार-पाच मिनिटांत आले तर आधी करून ठेवलेले गरम केले असं समजा. मागवताना दोन गोष्टी विचारा. प्लेटमध्ये नग किती, आणि सारण कशाचं. नग साधारण पाच किंवा सहा असतात. मूळ जपानी ग्योझात डुकराचं मांस असतं, आपल्याकडं बहुधा चिकन. कार्डावर ‘याकी’ किंवा ‘पॅन फ्राइड’ असं वेगवेगळं लिहिलेलं दिसेल, तर लक्षात ठेवा : ‘याकी’ म्हणजे तव्यावरचे, ‘सुई’ म्हणजे पाण्यात उकडलेले, ‘आगे’ म्हणजे तळलेले. पहिल्यांदा याकीच घ्या.

सोबत लहान वाटी येते. त्यात सोया सॉस आणि तांदळाचं व्हिनेगर समसमान, प्रत्येकी एक छोटा चमचा पुरे. वर रायूचे दोन-तीन थेंब. रायू म्हणजे मिरचीचं लाल तेल. ते दिसायला मिसळीच्या तर्रीसारखं असतं, म्हणून कोल्हापूरकर चमचाभर ओततात. तिखटाची अडचण नाही, पण त्या तेलानं सारणाची चव झाकून जाते. ग्योझे कुरकुरीत बाजू वर करून वाढतात. उचलून मऊ, पांढरी बाजू सॉसमध्ये बुडवा, कुरकुरीत बाजू कोरडी राहू द्या. पहिला ग्योझा एकदम तोंडात टाकू नका. आतला रस वाफेइतका गरम असतो. टोकाला लहान घास घेऊन वाफ जाऊ द्या.

सहा ग्योझे, एदामामे आणि एक तोक्कुरी, म्हणजे लहान सुरईभर साके एवढ्यात बऱ्याच जणींचं पोट भरतं. भूक उरली तर शेवटी भात किंवा छोटा बाउल रामेन घ्या. पिण्याच्या जेवणाचा शेवट भात-नूडल्सनं करायचा, याला जपानीत ‘शिमे’ म्हणतात. आपण शेवटी दहीभात खातो, त्यातलाच प्रकार.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात. शांतपणे ‘हा काढा’ म्हणता येतं. खाण्यावर जीएसटी आणि मद्यावर व्हॅट असे दोन वेगळे कर दिसतील, तो घोटाळा नव्हे.

प्रश्न : कोण म्हणतं साके म्हणजे जपानी व्हिस्की, कोण म्हणतं तांदळाची वाइन. एका कार्डावर तर नावापुढं 50%, 60% असे आकडे होते. साठ टक्के म्हणजे लईच झालं की! ती गरम प्यायची की गार? आणि ग्योझासोबत नेमकी कुठली घ्यायची?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : ते 60% दारूचं प्रमाण नाही, तांदळाचं आहे. साकेत अल्कोहोल साधारण 15 ते 16 टक्के असतं. पाणी न मिसळलेली ‘गेन्शु’ असेल तर 17 ते 20.

साकेचा तांदूळ शिजवण्याआधी घासून लहान करतात. 60% म्हणजे दाण्याचा 60 टक्के भाग शिल्लक ठेवला, 40 टक्के कोंडा-पीठ होऊन निघून गेला. दाण्याच्या बाहेरच्या थरांत प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ जास्त असतात. त्यांनी चव जड होते, वास दबतो. गाभ्यात जवळजवळ नुसता स्टार्च. म्हणून जितकं जास्त घासावं तितकी साके हलकी आणि सुवासिक, आणि तितकीच महाग, कारण तांदूळ वाया जातो. 60 टक्के किंवा त्याहून कमी उरला की ‘गिन्जो’, 50 किंवा कमी उरला की ‘दाईगिन्जो’. ‘होन्जोझो’साठी मर्यादा 70 टक्के.

‘जुनमाई’ हा शब्द दिसला तर त्यात तांदूळ, कोजी (तांदळावर वाढवलेली बुरशी), पाणी आणि यीस्ट एवढंच आहे. तो नसेल तर थोडं शुद्ध अल्कोहोल वरून घातलेलं असतं. त्यानं वास मोकळा होतो आणि चव हलकी होते. ही भेसळ नव्हे, तिथल्या कायद्यानं प्रमाण ठरवून दिलेली पद्धत आहे. ते अल्कोहोल बहुधा उसाच्या मळीपासूनचं असतं. ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे वाचून जरा जवळचं वाटेल.

व्हिस्की नव्हे, कारण साके गाळलेली म्हणजे भट्टीवर वाफ करून काढलेली दारू नाही. तशी हवी तर ‘शोचु’, ती बहुधा 25 टक्क्यांची. कार्डावर दोन्ही शेजारी असतात, नाव बघून मागवा. वाइनही नव्हे. द्राक्षात साखर आयती असते, तांदळात नसते. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात, ती स्टार्चची साखर करते आणि त्याच भांड्यात, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. दोन्ही कामं एकदम चालतात म्हणूनच न गाळता 20 टक्क्यांपर्यंत मजल जाते. सोया सॉस आणि मिसो ही सोयाबीनची आंबवलेली चटणीही याच जातीच्या कोजीवर होतात. ग्योझाच्या सॉसशी साकेची चव जुळते ती यामुळं.

ग्योझासोबत महागडी दाईगिन्जो घेऊ नका, पैसे वाया जातात. तिचा जीव तिच्या फळासारख्या वासात असतो, आणि ग्योझात लसूण भरपूर. लसणापुढं तो वास टिकत नाही. साधी जुनमाई किंवा होन्जोझो घ्या, शक्यतो कोरड्या चवीची. कोरडीला ‘काराकुची’ म्हणतात. काही कार्डांवर +3, +5, -2 असा आकडा असतो. अधिक म्हणजे कोरडी, उणे म्हणजे गोडसर. ग्योझाला +3 च्या पुढची चांगली. तेलकट, लसणीचा घास गिळल्यावर तोंड स्वच्छ करायचं काम ती करते. खरं सांगायचं तर जपानमध्ये ग्योझासोबत बिअर जास्त पितात. साके चुकीची नाही, पण ग्योझाची ठरलेली जोडी बिअरशीच आहे.

गरम की गार, हे साकेवर अवलंबून आहे. गिन्जो, दाईगिन्जो आणि ‘नामा’ म्हणजे पाश्चरीकरण न केलेली साके, या 10 अंशांच्या आसपास गार. गरम केल्या की वास उडतो. जुनमाई, होन्जोझो गरम चालतात आणि कित्येकदा खुलतात. 40 अंशांना ‘नुरुकान’, 50 ला ‘आत्सुकान’. ‘गरम’ एवढंच म्हटलं तर बहुतेक ठिकाणी 50 च्या वर जाऊन नाकात झोंबणारी येते, म्हणून ‘कोमट, नुरुकान’ असं सांगा. ‘हिया’ हा शब्द फसवा आहे. अर्थ थंड, पण मागवल्यावर येते ती खोलीच्या तापमानाची, तीही जपानी खोलीच्या, साधारण 20 अंश. आपल्याकडच्या एप्रिलमधल्या खोलीच्या तापमानाला कुठलीच साके पिऊ नये.

आता प्रमाण. तोक्कुरी म्हणजे मातीची सुरई. लहानीत 1 गो, म्हणजे 180 मिली, मोठीत 360. आपल्याकडं काही ठिकाणी 60 किंवा 90 मिलीच्या मापानंही देतात, म्हणून मागवण्याआधी ‘किती मिली?’ हे विचाराच. 180 मिलीत 15 टक्क्यांनी 27 मिली शुद्ध अल्कोहोल होतं. व्हिस्कीच्या 60 मिलीच्या लार्ज पेगमध्ये सुमारे 26. म्हणजे एक तोक्कुरी बरोबर एक लार्ज. ओचोको ही पेली दोन-तीन घोटांची असते, साके गोडसर लागते आणि घशाला जळजळ होत नाही, म्हणून आकड्याचा अंदाज चुकतो. तोक्कुरी मोजा, पेल्या मोजू नका. जेवढी साके तेवढं साधं पाणी शेजारी ठेवून आळीपाळीनं प्या. जपानमधले साके करणारे स्वतःच हे सांगतात आणि त्या पाण्याला ‘यावारागी-मिझु’ असं नावही आहे.

चौघांत बसलात तर तिथं आपली पेली आपण भरत नाहीत, शेजाऱ्याची भरतात. एकट्यानं स्वतः ओतून घेण्याला ‘तेजाकु’ म्हणतात आणि त्यात काहीही वावगं नाही. परतीला गाडी चालवू नका. रक्तात 100 मिलीमागं 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि एका तोक्कुरीनं ती सहज ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच वेळी दंड 10,000 रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

प्रश्न : राजारामपुरीत मोमो मिळतात ते आणि ग्योझा एकच का? मग दर तिप्पट का?
— एक वाचक, विद्यार्थी

उत्तर : एक नव्हेत, पण भाऊबंद आहेत. ग्योझा हा चिनी ‘जाओझ’चा जपानी अवतार. 1945 नंतर मांचुरियातून परतलेल्या जपानी लोकांबरोबर तो तिथं घरोघर पोचला. उत्सुनोमिया आणि हामामात्सु ही शहरं आज त्यासाठी ओळखली जातात. हामामात्सुत ग्योझे गोल मांडून मधोमध उकडलेले मोड ठेवतात. मोमो तिबेट-नेपाळकडचा. त्याची पारी जाड, तो बहुधा नुसता वाफवतात आणि चव चटणीवर असते. ग्योझाची पारी कागदासारखी पातळ, कोबी-लसूण जास्त आणि एक बाजू तव्यावर भाजलेली. दरातला फरक जागेच्या भाड्याचा आणि आयात केलेल्या सॉस-व्हिनेगरचा जास्त, सारणाचा कमी.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. व्हेज ग्योझा निर्धास्त खाता येईल का?
— एक वाचक, गुजरी

उत्तर : तीन गोष्टी विचारल्याशिवाय नाही. सारणात ऑइस्टर सॉस आहे का? भाज्यांच्या सारणाला चव यावी म्हणून तो सर्रास घालतात आणि तो कालवांपासून होतो. मांसाचे ग्योझे त्याच तव्यावर होतात का? तवा सहसा एकच असतो, पण सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी वेगळ्या पॅनमध्ये करून देतात. आणि सोबतच्या मिसो सूपमध्ये दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, कशाची आहे? नेहमीची दाशी वाळवलेल्या बोनितो माशाच्या कापांची असते. दिसायला सूप शाकाहारी, त्यात टोफू तरंगत असतो, आणि इथंच फसगत होते. कोम्बु या समुद्री वनस्पतीची किंवा शिताके मशरूमची दाशी असेल तर चालेल. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी ग्योझा सोडून द्यावा. सारण सकाळीच मळलेलं असतं, त्यातून लसूण काढता येत नाही.

प्रश्न : मी घरी तीनदा ग्योझे केले. पहिल्यांदा तव्याला चिकटून फाटले. दुसऱ्यांदा तळ लदलदीत राहिला. तिसऱ्यांदा मटणाचा खिमा घातला तर आत कोरडं ठक्क. पारीसाठी मैदा साध्या पाण्यात मळते, ती लाटताना सारखी आखडते. कुठं चुकतंय?
— एक वाचक, कागल

उत्तर : चारही दोष वेगळे आहेत. आखडणाऱ्या पारीपासून सुरुवात करू, कारण ती जमली की पुढचं निम्मं सोपं होतं. मोदकाला उकड का काढतो, ते आठवा. उकळत्या पाण्यानं पिठातला काही स्टार्च तिथंच शिजतो, चिवटपणा कमी होतो, पारी मऊ राहते आणि मागं ओढत नाही. 24 ग्योझांसाठी 200 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि 100 ते 110 मिली खळखळ उकळतं पाणी. काठीनं किंवा उलथन्याच्या दांड्यानं कालवा, हाताला सोसेल तेव्हा पाच मिनिटं मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. 12-13 ग्रॅमच्या गोळ्या करून 9 सेंटिमीटरच्या पुऱ्या लाटा, कडा पातळ आणि मध्ये किंचित जाड. एकावर एक ठेवायच्या असतील तर मध्ये कॉर्नफ्लोअर भुरभुरा. मैदा भुरभुरला तर ओल लागून पुन्हा कणकेत मिसळतो.

सारणाला 200 ग्रॅम खिमा, 200 ग्रॅम बारीक चिरलेला कोबी, मूठभर कांद्याची पात, दोन-तीन पाकळ्या लसूण, एक छोटा चमचा किसलेलं आलं. कोबीला अर्धा छोटा चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. सत्तरएक ग्रॅम पाणी निघतं. हे पाणी आत राहिलं तर पारी आतून भिजते आणि उचलताना फाटते. आधी एकट्या खिम्यात सोया सॉस एक मोठा चमचा, तिळाचं तेल एक मोठा चमचा, मिरपूड, पाव चमचा साखर आणि दोन मोठे चमचे पाणी घालून एकाच दिशेनं फेटा. खिमा चिकट होऊन बोटाला ओढला जाईपर्यंत, म्हणजे तीन-चार मिनिटं. मगच कोबी मिसळा. कोबी आधी घातला तर खिमा एकजीव होत नाही. जपानी तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नाही, म्हणून चमचाभर तीळ भाजून कुटून घाला.

मटण कोरडं झालं कारण ते निव्वळ मांसाचं, चरबी नसलेलं असणार. खाटिकाकडं 200 ग्रॅममध्ये 40 ग्रॅम चरबी घालून दोनदा मशीनमधून काढून मागा. फेटताना पाणी चार चमचे करा. कांदा-लसूण मसाला घालायचा मोह होईल. अर्धा छोटा चमचा, त्याहून जास्त नको. त्यात खोबरं असतं आणि सारण जरा जरी गळलं तरी ते तव्यावर आधी करपून कडू होतं.

भरताना प्रत्येकात 15 ग्रॅम, म्हणजे सपाट मोठा चमचा. कड ओली करून करंजीसारखी दुमडा, पण चुण्या फक्त तुमच्याकडच्या पदराला, पाच ते सात. पलीकडचा पदर सरळ राहू द्या. त्यानं ग्योझाला बाक येतो आणि तो बुडावर उभा राहतो. करंजीची मुरड घालू नका. तिथं चार पदर जमा होतात आणि कच्चे राहतात. आतली हवा दाबून काढा, नाहीतर वाफेनं फुगून फुटतो.

आता चिकटणं आणि लदलदणं. नॉनस्टिक किंवा मुरलेला बिडाचा तवा, 26 सेंटिमीटरचा, त्यात बारा ग्योझे. तवा मध्यम आचेवर तापू द्या, एक मोठा चमचा तेल, मग ग्योझे. दोन मिनिटांत तळ फिका तांबूस होतो. त्याआधी पाणी घातलंत तर कच्चं पीठ तव्याला धरतं, आणि तुमचं पहिल्यांदा तेच झालं. मग 100 मिली गरम पाणी घालून लगेच झाकण. चिकनला पाच मिनिटं, मटणाला सहा-सात. झाकण काढून उरलेलं पाणी आटू द्या. दुसऱ्यांदाचा दोष इथला आहे. पाणी आटलं की पदार्थ झाला असं वाटतं, पण तळ तेव्हा उकडलेला असतो, कुरकुरीत नसतो. कडेनं एक छोटा चमचा तेल सोडा आणि झाकण न ठेवता दीड-दोन मिनिटं थांबा. कानानं कळतं. आधी बुडबुड असा आवाज येतो, मग तो बारीक चरचर होतो. चरचर सुरू झाल्यावर एक मिनिट मोजा. घरच्या शेगडीची आच मधोमध जास्त लागते, म्हणून तवा मधूनमधून पाव वळसा फिरवा. शेवटी तव्यावर ताट पालथं ठेवून एका झटक्यात उलटा.

हॉटेलात ग्योझांना खाली जाळीदार पापडी जोडलेली दिसते. तिला ‘हाने’, म्हणजे पंख म्हणतात. साध्या पाण्याऐवजी 100 मिली पाण्यात एक मोठा चमचा मैदा कालवून तेच घालायचं. पाणी उडून जातं, पापडी उरते. हे पहिल्या खेपेला करू नका. तवा हाताशी बसल्यावर करा.

उरलेले कच्चे ग्योझे फ्रीजरमध्ये ताटात सुटे मांडून घट्ट करा, मगच पिशवीत भरा. करताना विरघळवू नका, थेट तव्यावर टाका आणि झाकणाखाली दोन-तीन मिनिटं जास्त द्या. विरघळले की पारी ओली होऊन ताटालाच चिकटते. एकट्यासाठी ही सोय मोठी आहे. हवे तेवढे सहा काढायचे, बाकीचे राहतात.

प्रश्न : मुलानं तीन वर्षांपूर्वी जपानहून साकेची बाटली आणली होती. शोकेसमध्ये जपून ठेवली आहे. व्हिस्कीसारखी मुरून चांगली झाली असेल ना?
— एक वाचक, रुईकर कॉलनी

उत्तर : नाही. नेहमीची साके मुरवण्यासाठी नसते. बाटलीत भरल्यापासून वर्षभरात प्यावी असा संकेत आहे. शोकेसमधला उजेड आणि आपला उन्हाळा या दोन्हींनी ती बिघडते. काचेत ओतून बघा. पिवळट झाली असेल आणि वास काकवी किंवा सोया सॉससारखा येत असेल तर ती जुनी झाली आहे. विषारी नव्हे, पण पिण्यात मजा नाही. स्वयंपाकाला मात्र उत्तम आहे. ग्योझाच्या सारणात दोन चमचे पाण्याऐवजी ती घाला, किंवा मासे शिजवण्याआधी चोळा. वास जातो.

पुढच्या वेळी बाटली आली की फ्रिजमध्ये ठेवा. ‘नामा’ असेल तर फ्रिजशिवाय आठवडाही ठेवू नका. उघडल्यावर आठवडाभरात संपवा, पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात चांगली लागते. 720 मिलीची बाटली म्हणजे चार गो, एकट्याच्या चार संध्याकाळी. घरी गरम करायची तर पाणी उकळून गॅस बंद करा आणि साके ओतलेली सुरई त्यात दोन-तीन मिनिटं उभी करा. तळहाताला बाहेरून सुरई सुखद गरम लागली की झाली. थेट आचेवर कधीच नको. आणि साधी जुनमाई अशी कोमट करून पांढऱ्या रश्शासोबत घेऊन बघा, नारळाच्या दुधाशी ती छान जमते. तांबड्यापुढं मात्र तिचं काही चालत नाही.

प्रश्न : चॉपस्टिक जमत नाहीत. हातानं खाल्लं तर हसतील का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : सुशी हातानं खाण्याची रीत आहे, ग्योझाची नाही, कारण हात तेलकट होतो. काटा मागा, सगळीकडं देतात. शिकायचं असेल तर खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात आणि अनामिकेवर घट्ट धरा, ती हलवायचीच नाही. वरची पेन्सिलसारखी धरून फक्त तीच हलवा. बहुतेकजण दोन्ही हलवायला जातात आणि काड्यांची कात्री होते. ग्योझा मधोमध चिमटीत धरू नका, पातळ पारी फाटते. आडवा, चुण्यांच्या खाली धरा.

दोन गोष्टी कटाक्षानं टाळा. काड्या भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास देऊ नका. तिथं मृताच्या नावानं ठेवलेल्या भातात काड्या उभ्या खोचतात आणि दहनानंतर अस्थी दोघं मिळून काड्यांनी उचलतात. आपण पिंडाचा भात जेवणाच्या ताटात ठेवत नाही, तसंच हे.